आबाजींच्या लारीचा ब्रेक

आधीच सांगून टाकते, माझं शुद्धलेखन धड नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला कधी उमगलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर सारवलेल्या ओल्या अंगणातून कोंबडी चालून जावी तसं. पिंपळगाव राजाच्या मुलींच्या शाळेत चौथी झाले आणि लग्न झालं. पुढं लेखणी हातात आली ती वाणसामानाचा हिशेब मांडण्यापुरती. कोणी हे वाचलंच तर चुका पदरात घ्याव्या. चार माणसांत मला बोलता येत नाही, शब्द घशाशी येऊन तिथंच बसतात, म्हणून लिहिते. आबाजींना लोक वेडे म्हणत. ते वेडे होते की नव्हते हे मला आजही नीट सांगता यायचं नाही, पण मी जे पाहिलं ते कोणी सांगत नाही.

आबाजी आमचे घरमालक. देऊळघाटात त्यांची मोठी शेती होती, आणि गोठ्याच्या मागं दोन खोल्या होत्या त्यात आम्ही राहत होतो. भाडं घेत नसत, कारण आमचे हे त्यांच्याच मोटार लारीवर डायवर होते. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या बाजूला लारी म्हणजे अजून नवल होतं. रस्त्यानं लारी आली की बाया पोरांना उचलून ओट्यावर घ्यायच्या.

आबाजींना एका जागी बसलेलं मी पाहिलं नाही. भाकरी हातावर घेऊन, तिच्यावर ठेचा ठेवून ते अंगणात फिरत फिरत जेवायचे. एखादी गोष्ट ओसरीवर सुरू करायचे आणि तिचं शेवटचं वाक्य विहिरीपाशी ऐकू यायचं. ज्याला ऐकायची असेल त्यानं मागं मागं चालावं. त्यांच्या घरच्यांना आम्ही मोठ्याबाई म्हणत असू. त्या चुलीपासून ओरडायच्या, "एका जाग्यावर बसान त पाय गळून पडतीन का तुमचे?"

"बसलो का डोक्यात मुंग्या चालतात," असं ते गोठ्यातून म्हणायचे, आणि तोवर दुसऱ्या दारानं बाहेर.

त्यांच्या या चालण्यानं मलाही कधी निवांत वाटत नसे. पहाटे डोळे उघडायच्या आधी त्यांच्या वहाणा वाजायच्या. पोळी लाटताना दारावरून सावली जायची, परत यायची, परत जायची. वाटायचं, आता काही तरी होणार आहे आणि या माणसाला ते आधीच कळलं आहे.

लारी त्यांनी याच तळमळीपायी घेतली, असं मोठ्याबाई सांगत. बैलगाडीत बसले की त्यांना धीर निघत नसे. खाली उतरून बैलांच्या पुढं चालू लागायचे, आणि गाडीच्या आधी बाजारात पोचायचे. मग एका सालात कापसाला बरा भाव आला, त्यांनी दोन बैलजोड्या विकल्या, राहिलेले पैसे घातले आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर अकोल्याच्या मोटार कंपनीच्या दुकानातून लारी आणली. पण लारीतही ते बसले नाहीत. बाहेरच्या फळीवर उभे राहून, एका हातानं दार धरून, धोतराचा सोगा तोंडात पकडून जायचे. हे म्हणायचे, "मालक, आत या, पडसान." तर म्हणायचे, "आत जीव कोंडते. अन् त्याले काई झालं त आतून मले कसं समजन?"

'त्याला' म्हणजे लारीला. लारी बदामी रंगाची होती, म्हणून तिचं नाव त्यांनी हरण्या ठेवलं होतं, त्यांच्या विकलेल्या बैलाचं. लारीला कोणी 'ती' म्हटलं तर त्यांना राग यायचा. चढ चढून आली की पुढच्या पत्र्यावर उलटा हात ठेवून ताप पाहायचे आणि ह्यांना म्हणायचे, "अंग तापलं त्याचं. थांब जरा, दम घेऊ दे." अमावस्येला लारी बाहेर काढू देत नसत. मलकापूरचा एक व्यापारी त्यावरून तणतणत आला होता, त्याचा माल स्टेशनवर जायचा राहिला होता. आबाजी त्याला म्हणाले, "अमावस्येले तुम्ही बैल जुंपता का?"

"लारीले काय कळते अमावस्या?"

"बैलाले तरी कुठं कळते? आपल्याले कळते ना."

व्यापारी आमच्या ह्यांच्याकडं पाहून म्हणाला, "कसं काय राहता हो तुम्ही या बुढ्यापाशी?" हे नुसते हसले. ह्यांना आबाजी आवडत. मला त्यांची भीती वाटायची. मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. काही निरोप असला तर मोठ्याबाईंना सांगायचा, नाही तर दाराआडून भांडं वाजवायचं.

त्या पहिल्या पोळ्याला त्यांनी हरण्यालाही सजवलं. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि त्यांना सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे त्या दोन दिवसांसाठी पिंपळगाव राजाला आपल्या भावाकडं गेले होते. आबाजींनी बैलांचे खांदे चोळले आणि मग वाटी घेऊन लारीकडं गेले. पुढच्या चाकांवरचा पत्रा म्हणजे तिचे खांदे असं ठरवून त्यांनी तिथं लोणी चोळलं, पळसाचं पान फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हरण्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आम्ही बाया गोठ्याच्या भिंतीआडून तोंडात पदर घालून हसत होतो. मग मोठ्याबाईंनी आम्हाला पुरणाची डाळ निवडायला आत बोलावलं. पुढं त्यांनी काय केलं ते कोणी पाहिलं नाही.

नवरात्र बसलं तेव्हा सीताफळं निघाली. घाटातली सीताफळं मलकापूरच्या स्टेशनवर पोचवायची, तिथून ती रेल्वेनं मुंबईकडं जात. बुलढाण्याहून मलकापूरकडं उतरताना राजूरचा घाट लागतो. हे दोन दिवस म्हणत होते, ब्रेकवर पाय ठेवला की नेहमीसारखा लागत नाही, जड वाटते. आबाजी म्हणाले, "हा माल पोचवू अन् अकोल्याले दाखवू." त्या सकाळी टोपल्या भरून लारी गेली. आबाजी बाहेर फळीवर.

दुपारपर्यंत माझं कशात चित्त लागेना. तसं काही कारण नव्हतं. दळण दळायला बसले आणि उठले, पाणी आणायला निघाले आणि वाटेतून परत आले. आमच्या वाटेनं टपालाची मोटर यायची, तिच्यातल्या माणसानं मोठ्याबाईंना हाक मारून सांगितलं, "तुमची लारी घाटात पडली. माणसं जित्ती आहेत." 'जित्ती आहेत' हे शब्द ऐकले आणि मी खालीच बसले. मोठ्याबाई मला उठवत नव्हत्या, त्याही बसल्या होत्या.

घडलं ते असं. घाट उतरताना ह्यांनी पाय दाबला आणि ब्रेक खाली गेला तो वर आलाच नाही. लारी सुटली. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. हे ओरडले, "मालक, उडी मारा!" आबाजींनी उडी मारली नाही. ते फळीवर उभे राहून एका हातानं पत्र्यावर थापट्या मारत होते आणि "हो हो हो हो" करत होते, सुटलेल्या बैलाला थांबवतात तसं. ह्यांनी लारी डोंगराच्या कडेला घासत नेली आणि एका खोलगट जागी खडकाला भिडवली. ह्यांचं मनगट मोडलं. आबाजींचा गुडघा फुटला. टोपल्या उलटून सीताफळांचा रस्त्यावर नुसता चिखल झाला, आणि हे बेशुद्ध पडायच्या बेतात असताना घाटातली माकडं खाली उतरून सीताफळं खाऊ लागली. आबाजी लंगडत माकडांना हाकलत होते आणि ह्यांना विचारत होते, "त्याले लय लागलं का रे?" हे म्हणाले, "मालक, मला हात हलवता येत नाही." मग आबाजींनी ह्यांच्याकडं पाहिलं, आपलं धोतर फाडलं आणि ह्यांचा हात गळ्यात बांधला.

पोलिसांनी ह्यांचं डायवरीचं लायसन ठेवून घेतलं. बुलढाण्याच्या साहेबांनी सांगितलं, ब्रेक कशानं गेला हे कंपनीनं लिहून द्यावं, डायवरची चूक नसेल तर लायसन परत मिळेल. हे ऐकून आम्हाला धीर आला होता. नवी लारी, कंपनी लिहून देईल.

कंपनीचा मिस्तरी आला, त्यानं डायवरच्या पायाखालची फळी उचलून एक लोखंडी नळकांडं काढलं. हे मला नंतर ह्यांनी समजावून सांगितलं. त्या नळकांड्यात कंपनीचं खास तेल असतं. पाय दाबला की आत रबराची एक वाटी ते तेल पुढं ढकलते, आणि त्या तेलाच्या जोरानं चाकं धरली जातात. ती रबराची वाटी भिजलेल्या खारकेसारखी फुगून मऊ पडली होती. मिस्तरी नळकांडं घेऊन अकोल्याला गेला, आणि तिथून दुकानाच्या एजंटसाहेबांचं उत्तर आलं. लारीची ग्यारंटी चार महिन्यांची, ती गणपतीच्या आधीच सरली. आणि ग्यारंटी असती तरी उपयोग नव्हता, कारण ब्रेकात भलतंच तेल घातलेलं आहे. ब्रेकाच्या तेलाचा डबा महाग असतो. डायवर लोक तो विकतात आणि रॉकेल नाही तर कसलंही स्वस्त तेल ओतून ठेवतात. असं पुष्कळ ठिकाणी आढळतं.

म्हणजे चोर आमचे हे.

हे पत्र गावातल्या मास्तरांनी ओसरीवर वाचून दाखवलं. मी दाराआड होते. आबाजी फिरत होते ते थांबले. ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तेल इकलं का बे तू?"

"नाही मालक."

"झालं," म्हणाले, आणि परत फिरू लागले. त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

पण गाव आणि मोटारस्टँड काही आबाजी नव्हते. बुलढाण्याच्या स्टँडवर लोक ह्यांना 'तेली' म्हणू लागले. विहिरीवर एक बाई मला म्हणाली, "काऊन वं, तुमच्याकडं भाजीवर आताशा तेलाचा तवंग लय दिसते म्हणतात?" बाकीच्या हसल्या. मी तशीच रिकामी घागर घेऊन घरी आले. हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. लायसन नाही तर लारी नाही, लारी नाही तर घरही नाही, आणि चोर म्हटलेल्या डायवरला दुसरा कोण ठेवणार? हे जेवत नसत. मी विचारलं की म्हणत, "मीच तर ते डबे उघडत होतो. माझ्या हातून तर काही झालं नसेल? तेल तर बरोबर होतं." आणि पुन्हा आठवू लागत, कोणता डबा, कोणत्या दिवशी, झाकण कसं होतं.

आबाजी अकोल्याला जाऊ लागले. गुडघा नीट बरा नव्हता, तरी आठवड्यातून एकदा जायचेच. पहिल्यांदा हेही बरोबर गेले होते आणि तिथलं सगळं ह्यांनी मला आबाजींची नक्कल करून सांगितलं. हे किती तरी दिवसांनी हसले होते, म्हणून ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

एजंटसाहेब कोट घालून टेबलाशी बसलेले. म्हणाले, "ग्यारंटी संपली, आबाजी. मुदत संपली की आमची जबाबदारी संपली. कागदावर तुमचा अंगठा आहे."

"अंगठा नाई, सही हाय. सायेब, तुम्हाले लेक हाय का?"

"आहे. त्याचं इथं काय?"

"तिले सासरी देतानी चार महिन्याची ग्यारंटी देसान? पाचव्या महिन्यात आजारी पडली त मंग जवायानं पाहावं?"

साहेबांचा कारकून हसला आणि खाली मान घालून लिहू लागला. साहेब म्हणाले, "तुमच्या माणसानं आत काय ओतलं ते विचारा आधी त्याला."

"इचारलं. तो नाई म्हणते."

"चोर नाहीच म्हणणार."

"चोर असता त म्या ओळखला असता. माह्या घरात पाठीमागं राह्यते तो. त्याच्या चुलीचा धूर माह्या नाकात जाते."

त्यानंतर आबाजी एकटे जाऊ लागले. भांडत नसत. त्या दुकानात नव्या लाऱ्या मांडून ठेवलेल्या असत, त्यांच्या मधून फेऱ्या घालत राहायचे. कारकुनानं खुर्ची दिली तर तिच्यावर पागोटं ठेवायचे आणि पुन्हा चालायचे. गिऱ्हाईक आलं की त्याच्याजवळ जाऊन म्हणायचे, "घ्या, लारी चांगली हाय. ब्रेकाचं तेवढं पाहून घ्या. माहा घाटात गेला." साहेब आतून ओरडायचे. एकदा त्यांनी पोलिसाला बोलावलं, तर आबाजी त्यालाच घेऊन लाऱ्या दाखवत फिरले. शेवटी, थंडी पडली तेव्हा, साहेब कंटाळले. ग्यारंटीबाहेर असूनही कंपनी मेहरबानी म्हणून नवं नळकांडं फुकट देते, घाटातून लारी काढून दुरुस्त करायला झालेला खर्चही देते, आणि डायवरचा दोष आढळला नाही असं लिहूनही देते, पण आबाजींनी पुन्हा दुकानात पाय ठेवू नये, असं ठरलं.

ते कागद आणि रोकड घेऊन आबाजी आले तेव्हा चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. ह्यांचं लायसन सुटलं. आबाजींनी आलेल्या पैशांतून लारीला नवा रंग दिला आणि वरती नवं ताडपत्रीचं छत घातलं. ह्यांचं मनगट थोडं वाकडं बसलं होतं, पण गाडी चालवता येत होती. स्टँडवर मात्र 'तेली' हे नाव गेलं नाही. लोक म्हणत, कंपनीनं बुढ्याला भिऊन लिहून दिलं. तेल काय आपोआप बदललं? हे ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण त्यानंतर तेलाचा डबा उघडताना हे कोणाला तरी हाक मारून जवळ उभं करायचे, आणि झोपेत पाय दाबायचे. मला जाग यायची ती त्या पायानं.

मग पुन्हा पोळा आला. या वेळी हे गावीच होते. आदल्या दिवशी उन्हं उतरताना खांदे चोळायचं चाललं होतं. मोठ्याबाईंनी मला हळदीची वाटी घेऊन पाठवलं, म्हणून मी गोठ्याशी आले. आबाजींनी हरण्याचे खांदे चोळले, आवतण दिलं. मग त्यांनी कोनाड्यातून बैलांना तेल पाजायची बांबूची नळी घेतली, लारीचं दार उघडलं आणि डायवरच्या पायाखालची फळी उचलली.

हे गोठ्यात बैलाला धुत होते. तिथून म्हणाले, "मालक, काय करता?"

"काई नाई. याचा वाटा देतो. मिस्तरीबी इथूनच पाजते ना?"

नळीत जवसाचं तेल होतं. हळद घातलेलं, पिवळं. बैल दमला, खचला की आमच्याकडं असंच तेल पाजतात, पोळ्याला तर पाजतातच.

ह्यांच्या हातातला पाण्याचा गडू तसाच राहिला. मला कळलं, हे काही बोलणार नाहीत. ज्या माणसानं आपल्यासाठी सारी थंडी अकोल्याच्या फेऱ्या घातल्या त्याला कोण विचारील? मी हळदीची वाटी खाली ठेवली. आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला.

"आबाजी, मागल्या पोळ्यालेबी पाजलं होतं का?"

मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनाही नवल वाटलं असावं, कारण वळून हसले. "हाव माय. घाण्यावरचं ताजं होतं. चांगलं वाटीभर. काऊन?"

बैलानं कान झाडला. आबाजींनी माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं, मग हातातल्या नळीकडं. त्यांचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं.

"तो सायेब," ते ह्यांना म्हणाले, "तो खरं सांगत होता का मंग? भलतं तेल म्हणे तो."

"असेल मालक."

"असेल काऊन म्हणतं? नीट सांग."

"हो मालक. रबराला ते चालत नाही."

"पण जवसाचं तेल भलतं कसं? घरचं तेल हाय..." एवढं बोलून ते थांबले. नळीतलं तेल त्यांच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. "तुहं मनगट म्या मोडलं," ते म्हणाले.

हे म्हणाले, "जाऊ द्या मालक. झालं ते झालं. लायसन मिळालं, कागद आपल्या बाजूनं आहे."

"तो कागद खोटा हाय," आबाजी म्हणाले आणि गुरांच्या वाडग्याबाहेर पडले. नदीकडं जाताना त्यांना लोकांनी पाहिलं. जेवायला आले नाहीत. मोठ्याबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "सणाचा दिवस, अन् कुठं उलथले हे?" पण मी काय घडलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावचे सारे बैल उभे राहिले. लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणत होते, एकेक जण पुढं येऊन मोठ्यानं, हात वर करून. आबाजी आदल्या दिवशीच्याच कपड्यांत आले आणि झडती म्हणतात तशाच आवाजात ओरडले, "ऐका हो! मागल्या साली माह्या लारीचा ब्रेक गेला, तो माह्या हातानं गेला. पोळ्याचं तेल म्या पाजलं त्याले. माह्या डायवरनं तेल इकलं नाई. ज्यानं ज्यानं त्याले तेली म्हटलं त्यानं त्यानं आता मले म्हणा!"

आधी कोणाला समजलं नाही. मग समजलं आणि सारं गाव असं हसलं की बैल बिचकले. "लारीले तेल पाजलं बुढ्यानं!" म्हणून पोरं नाचली. आबाजी तिथंच उभे होते, मान वर करून, हसणाऱ्या एकेकाकडं पाहत. माझ्या शेजारी ती विहिरीवरची बाई होती. ती हसत हसत माझ्याकडं वळली, आणि मग तिनं नजर खाली घातली. बुलढाण्याच्या स्टँडवरही आबाजी जाऊन असंच सांगून आले.

मग राहिली अकोल्याची गोष्ट. एजंटसाहेबांनी त्यांना दारात पाहिलं आणि उठूनच उभे राहिले. "आबाजी, तुम्ही यायचं नाही असं ठरलं होतं!"

"घ्याले नाई आलो. द्याले आलो." आबाजींनी सारं सांगितलं.

साहेबांना आधी वाटलं ही काही तरी नवी चाल आहे. मग ते म्हणाले, "अहो, कंपनीनं मेहरबानी केली, हिशेब बंद झाला. आता हे पैसे मी कशात जमा करू? असं खातंच नाही."

"मंग खोला. मेहरबानी म्या खोटं सांगून घेतली."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"आता हाय ना ठाऊक."

पण पैसे तर रंगात आणि छतात गेले होते. त्या वेळी मुगाचे थोडे आले होते ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि बाहेर पडले. साहेबांनी ते मनीऑर्डरनं परत पाठवले. आबाजींनी पोष्टमनला दारातून फिरवलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा दुकानात, लाऱ्यांच्या मधून फेऱ्या घालत, आणि गिऱ्हाइकाला सांगत, "घ्या, लारी चांगली हाय, ब्रेकबी चांगला. फक्त घरचं तेल पाजू नका." कारकुनानं साहेबांना म्हटलं म्हणे, "साहेब, घ्या हो, नाही तर हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालत राहतील." शेवटी साहेबांनी पैसे घेणं कबूल केलं. कापसाचा पहिला वेचा झाला तेव्हा थोडे दिले. मोठ्याबाईंनी दिवाळीत लुगडं घेतलं नाही. कुरकुर केली, पण घेतलं नाही. दुसऱ्या वेच्याचे आणखी दिले. मला त्या दिवसांत सारखी धाकधूक असायची की लारीच विकावी लागते की काय, आणि रोज संध्याकाळी तिचा आवाज वाटेवर ऐकू आला की बरं वाटायचं.

संक्रांतीनंतर कापूस गेला आणि उरलेली सारी रक्कम एकदम जमली. हे कापूस घेऊन अकोल्याला निघाले होते. आबाजींनी पैसे रुमालात बांधून ह्यांच्या हातात दिले.

"तुम्ही येत नाही का मालक?" ह्यांनी विचारलं.

"नाई. तू दे. तुह्या हातानं दे."

हे दुसऱ्या दिवशी परत आले. हात-पाय धुतले, चहा घेतला, आणि मग मला सांगितलं. साहेबांनी सगळे पैसे मोजले, पुस्तकात लिहिले आणि म्हणाले, "पुरे झाले. आता आबाजींकडं कंपनीचं काही निघत नाही."

"आणि माझ्याकडं?" ह्यांनी विचारलं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "तुमच्याकडं तर कधीच काही निघत नव्हतं."